जावईबापू बार भरतात

शेफील्ड,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. रू. बलभीम मामांस अर्पिताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमची अट पाळून लिहिते आहे. बातमी फोनवर, बोलणं पत्रात, आणि पत्र ई-मेलनं गेलं तरी मायना सुटता कामा नये. चुकला असेल तर कान धरते, पण टोपीवरूनच. सध्या घरातसुद्धा कानटोपी उतरत नाही.

कारण आमचं घर तापवायचं यंत्र रुसलंय. इथं घरोघरी एक बॉयलर असतो. आपल्या बंबासारखा न्हाणीत नाही, स्वयंपाकघरात भिंतीवर कपाटासारखा टांगलेला. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी पत्र्यांत फिरत राहतं आणि घर उबदार होतं. त्या पाण्याला दाब लागतो आणि हा दाब बार या मापात मोजतात. काटा एक ते दीड बारच्या मध्ये असला की सगळं छान. एकाच्या खाली गेला की यंत्र बंद आणि आम्ही दोघं रजईत. आमचा काटा रोज खाली येतो. मग उत्कर्ष बॉयलरखाली वाकतो, तिथल्या चंदेरी नळीच्या दोन चाव्या हळूहळू उघडतो, पाणी आत घेतो आणि काटा चढला की चाव्या बंद करतो. घरमालकीण मिस्त्री पाठवते म्हणते. मिस्त्री पंचांग बघून येणारा दिसतोय.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा हेच चाललं होतं. जावईबापू कुठं दिसत नाहीत असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कोपऱ्यात बसून बार भरतायत, सकाळ-संध्याकाळ भरावाच लागतो, त्याशिवाय चालतच नाही. तेवढ्यात फोन कट झाला. सास्तूरची रेंज तुम्हाला ठाऊक आहे.

डिसेंबरात आई येईपर्यंत हे नीट व्हायला हवं. जानेवारीत बाळंतपण, आणि ती जवळ असली की मला दुसऱ्या कशाची भीती नाही. उत्कर्ष गुणी आहे, पण सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ हललं तेव्हा चक्कर त्याला आली होती. मामींना नमस्कार. लोभ पत्रातून कळतोच, तरी लिहून कळवावा.

तुमची,
अर्पिता


उमरगा,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अर्पितास बलभीम मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. मायना चुकलाय. ती. रू. म्हणजे तीर्थरूप, तो आईवडिलांना. मामा हा नुसता तीर्थस्वरूप. लाल पेन हातात घेतलं होतं, पुन्हा वाचलं आणि खाली ठेवलं. योगीराजदाजी गेल्यापासून ती दोन अक्षरं तुझ्या पत्रांतून बेकार हिंडतायत. राहू देत इथं.

तुझ्या यंत्राचा विचार केला. संस्कृतात पाण्याला अप् असा शब्द आहे आणि तो कायम बहुवचनात चालतो. एक पाणी असं आमच्या व्याकरणात नसतंच. तुमच्या साहेबांना ते पाणी एका आकड्यावरही टिकवता येत नाही, हे वाचून आमच्या पूर्वजांविषयीचा आदर वाढला. बाकी बार या शब्दावरचा श्लेष माझ्या तत्काळ ध्यानात आला. सत्तावीस वर्षं नववी-दहावीला श्लेष शिकवतोय, उगीच नाही. आमच्या हायवेला सोलापूरच्या अंगानं बारच बार आहेत. तिथला काटा कधी खाली येत नाही, गिऱ्हाईक येतं. उत्कर्षरावांनी बार स्वयंपाकघरात, पत्नीच्या देखत आणि फक्त पाण्यानं भरावा, यात त्यांचं चारित्र्य दिसतं.

आता जरा बिनथट्टेचं. परवा तुझी आई, म्हणजे आमची आक्का, आली होती. तुझ्या मामीनं तिच्यासाठी हौसेनं आणलेलं लोकरीचं स्वेटर परत देऊन गेली. म्हणाली, मला न्हाय जायचं, तिथली थंडी माझ्यानं सोसायची न्हाय. मी म्हटलं, तिकीट निघालंय, व्हिसा लागलाय, थंडी काय काल सुरू झाली? तर म्हणाली, तुला काय कळतंय, तू तुझी पुस्तकं बघ. आणि जाता जाता दारात थांबून विचारलं, बलभीम, एका बैठकीत माणूस सगळा कळतो का रं? आणि उत्तराची वाट न बघता रिक्षात बसली.

पत्नीला संस्कृतात दाराः असाही एक शब्द आहे. पुल्लिंगी, आणि तोही कायम बहुवचनी. स्वेटर परत आल्यावर तुझी मामी जे बोलली ते ऐकून ‘फाडून काढणाऱ्या त्या दाराः’ ही या शब्दाची व्युत्पत्ती मला पटली. तुझ्याकडं आक्का काही बोलली असेल तर कळव. आशीर्वाद नेहमीचेच, पण घरात टोपी घालून बसणाऱ्या भाचीला थोडे जास्त.

तुझा,
बलभीम मामा


शेफील्ड,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. रू. मामांस सा. न. वि. वि.

मायना मुद्दाम तोच ठेवलाय.

आई मलाही येत नाही म्हणाली. आधी थंडी, मग गुडघे, मग म्हणे म्हैस आटलीय. म्हैस आटल्यावर तर बाईमाणूस मोकळं होतं ना? मी तसं म्हटलं तर रागावली. मग एकदम उत्कर्षची चौकशी सुरू केली. दात कसे आहेत त्याचे? जवळ बसला तर काही वास येतो का? तिखट खाताना तोंड भाजतं का? मला वाटलं सासूबाईंना जावयाच्या जेवणाची काळजी. मी हसून सांगितलं, अगं आता ठेचा म्हणून सोसत नाही त्याला, जिभेला लागला की हा हा करत नळाकडं पळतो. तर मामा, आई रडायला लागली. ठेच्यासाठी कुणी रडतं का?

नंतर म्हणाली, तू लपवू नको, म्या सगळं बघितलंय एकदा. आणि फोन ठेवला. उत्कर्ष म्हणतोय माझं काय चुकलं? लग्नात तिला चारचौघांत आई म्हणायला लाजलो तेच काढतायत का?

बॉयलर तसाच आहे. तुम्ही एकदा सास्तूरला जाऊन या. मला इथं दिवसभर उसनं धैर्य आणून बसायची सवय झालीय, पण जानेवारीत ते पुरणार नाही. आई नसेल तर मी दवाखान्यात कुणाचा हात धरू? तुमची माया आहेच, ती यावेळी मोटारसायकलवर बसवून पाठवा.

तुमची,
अर्पिता


उमरगा,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अर्पितास अनेक आशीर्वाद.

आज सास्तूरला जाऊन आलो. हे पत्र बसून वाच, आणि उत्कर्षरावांनाही बसव. त्यांचा उभं राहून ऐकण्याचा पूर्वेतिहास बरा नाही.

आक्का ओसरीवर उडीद पाखडत होती. मी विषय काढला तसा सुपाचा वेग वाढला. फोलपटं माझ्याच अंगावर यायला लागली तेव्हा मी सरळ विचारलं, जावयानं काय घोडं मारलंय तुझं? सूप थांबलं. म्हणाली, मला काय इचारतो, तुझ्या भाचीला इचार. पोरगी सोता म्हणली मला, कोपऱ्यात बसून बार भरतोय. सकाळ-संध्याकाळ. त्याबिगर चालतच न्हाय म्हणं. अन् आता त्वांड भाजाया लागलंय त्याचं. ह्यांचं बी असंच सुरू झालं हुतं.

अर्पिता, हातातला चहा मी बशीत नाही, धोतरावर ओतला. बार भरणे! चुना लावून, तळहातावर मळून, चिमूट गालात सोडतात तो तंबाखूचा बार! दाजींनी हयातभर भरला तो. सगळ्या मराठवाड्याला ठाऊक असलेला अर्थ सोडून मी हायवेवरच्या परमिट रूममध्ये श्लेष शोधत हिंडत होतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीला सास्तूरच्या ओसरीवर शून्य गुण.

आक्कानं तुझ्या लग्नात ना पत्रिका पाहिली ना शेती. स्थळ आलं की तिचा एकच प्रश्न असायचा, तंबाखू खातो का? उत्कर्षराव पाहायला आले त्या दिवशी मी त्यांना फडातून ताजं उसाचं कांडं आणून दातांनी सोलायला लावलं होतं. बिचाऱ्यांना वाटलं आमच्याकडची रीत आहे. मी मात्र समोर बसून दात मोजत होतो. अशा बंदोबस्तातून गेलेल्या जावयानं विलायतेत जाऊन बार भरावा, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

मी सगळं उलगडून सांगितलं. तिला पटेना. म्हणाली, तू शब्दाचे खेळ करणारा माणूस, भाचीसाठी कावळा बी पांढरा करशील. मग मला आठवलं, म्हटलं, ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरतात तिथं काटा असतो की नाही? किती हवा झाली ते दाखवणारा? तसाच काटा, हवेऐवजी पाण्याचा, आणि त्याच्या आकड्याला बार म्हणतात. आक्कानं सूप खाली ठेवलं. मग हसायला लागली. अशी हसली की शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली. आई गं, म्या जावयाला काय काय बोलले मनात, असं म्हणत तिनं पदर डोळ्यांना लावला. आणि तो पदर बराच वेळ खाली आला नाही.

मी म्हटलं, चला, आता स्वेटर परत घेऊन जा. तर मान हलवली. नाहीच म्हणाली.

पुढचं तुला सांगू नको म्हणून तिनं मला बजावलंय, म्हणून लगेच सांगतो. सोलापूरच्या कॅन्सरच्या वॉर्डातून दाजींना घेऊन निघाली त्या दिवसापासून ही बाई कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेली नाही. दाढ दुखली तर लवंग धरते. भूकंपात पडक्या घरात परत शिरून गोठ्यातलं वासरू सोडून आणणारी ही बाई. म्हणाली, पोरगी आत कळा देणार अन् म्या दारात थरथर कापणार. तिला माझाच घोर. त्यापरीस इथं बरी. बाराचं ऐकलं तवा वाईट वाटलं, पर एक कारण गावलं म्हणून बरं बी वाटलं बघ. खोटं कशाला बोलू?

मी सूप माझ्याकडं ओढलं. उडीद पाखडू लागलो, ते धड जमलं नाही.

मी बळजबरी करणार नाही. तू काय करायचं ते ठरव. तुमच्या दोघींवर सारखाच लोभ असल्यानं अधिक लिहीत नाही.

तुझा,
बलभीम मामा


शेफील्ड,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. रू. आईस अर्पिताचा सा. न. वि. वि.

हे पत्र मामा छापून आणून देतील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

आई, तू दवाखान्यात यावंस म्हणून मी बोलावत नाहीये. इथं आत एकाच माणसाला घेतात आणि तो मान जावईबापूंना द्यावा लागेल, चक्कर येवो की न येवो. मला तू घरासाठी हवीस. आम्ही दोघं दवाखान्यात असणार आणि इकडं काटा खाली आला तर घर बर्फ होणार. त्या घरात मी ओलं बाळ घेऊन येऊ? शेजारणीला किल्ली देता येईल, पण ती चाव्या जोरात पिळते.

काम अवघड नाही. बॉयलर थंड असताना काटा बघायचा. एकाच्या खाली असेल तर नळीच्या दोन्ही चाव्या अगदी सावकाश फिरवायच्या, पाण्याचा सूं आवाज येतो. काट्यावर नजर ठेवायची, कढणाऱ्या दुधावर ठेवतो तशी. दीडच्या जवळ गेला की आधी एक बंद, मग दुसरी. दोनच्या वर नेलास तर पाणी बाहेर फेकतो. तू दूध कधी उतू जाऊ दिलं नाहीस, म्हणून तुलाच सांगतेय.

येशील का? तुझ्या मनात असेल तसं कर. आलीस तरी, न आलीस तरी माझी माया सारखीच.

तुझी,
अर्पू


उमरगा,
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. अर्पितास अनेक आशीर्वाद.

काल आक्काला हैदराबादच्या विमानतळावर पोचवून आलो. तुझं पत्र तिला नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन. बलभीम, चाव्या उजवीकडं फिरवायच्या का डावीकडं? मी म्हटलं, पत्रात नाही. म्हणाली, मग इचार की, का तुझ्या संस्कृतात उजवं-डावं नसतंय?

त्यानंतर तिची तयारी बघण्यासारखी होती. घरच्या पाण्याच्या मोटारीचा कॉक रोज उघडून बंद करून हात बसवून घेतला. कुकरच्या शिट्टीकडं संशयानं बघायला लागली. तुझ्या मामीशी आता ती दाबाविषयी बोलते आणि मामी रक्तदाबाविषयी. दोघींचं बोलणं तासभर बिनबोभाट चालतं. स्वेटर अर्थात नेलं. विमानतळावर तपासणी करणाऱ्या मुलीनं कशासाठी जाताय म्हणून विचारलं, तर आमच्या आक्कानं नातवंडाचं नाव काढलं नाही. बॉयलर बघायला चाललेय म्हणाली. त्या मुलीनं तिच्या नऊवारीकडं पाहिलं, पासपोर्टकडं पाहिलं आणि फार आदरानं आत सोडलं. एवढा मान मला संस्कृतच्या जोरावर आजवर कुठल्या दारात मिळालेला नाही.

आत एकालाच घेतात हे तुझं विधान मला व्याकरणदृष्ट्या शंकास्पद वाटलं होतं. एकवचनाचा इतका आग्रह तू कधी धरत नाहीस. पण मी विचारलं नाही, तूही सांगू नकोस.

गेल्या गेल्या तिला गुळाचा चहा मिळेल असं बघ. आमचं प्रेम तिच्या पिशवीत शेंगाचटणीखाली आहे, काढून घ्यावं.

तुझा,
बलभीम मामा


शेफील्ड,
९ जानेवारी २०२५

ती. रू. मामांस सा. न. वि. वि.

आई आल्यापासून बॉयलर तिच्या ताब्यात आहे. सकाळी उठून तोंड धुतलं की आधी काटा, मग चहा. उत्कर्षनं एकदा सवयीनं चावीला हात लावला तर म्हणाली, राहू द्या, तुम्ही लई घाईचे. घरात आता बार भरणे हा शब्द बंद आहे. पाणी पाजणे म्हणायचं. म्हणजे ती विचारते, पाजलं का गं, आणि फोनवरच्या उत्कर्षच्या मित्रांचा वेगळाच गैरसमज होतो.

आणि मामा, मंगळवारी मिस्त्री आला! नको तेव्हा. यंत्राच्या आत म्हणे हवेचा एक डबा असतो. पाणी तापून फुगलं की ते त्या हवेला ढकलून जागा करून घेतं. आमच्या डब्यातली हवाच निघून गेली होती. पाण्याला जागा नाही, म्हणून ते भिंतीबाहेरच्या नळीतून सांडायचं, आणि गार झालं की काटा खाली. त्यानं सायकलसारखा पंप काढला, डब्यात हवा भरली, एक झडप बदलली आणि आईनं दिलेला चहा पिऊन गेला.

तेव्हापासून काटा हललेला नाही. आई दिवसातून चारदा बघते. कमी झालाय का गं, मला दिसतोय जरा कमी, असं म्हणते. झालेला नसतो. मग मिस्त्रीला नावं ठेवते. कुणी बोलावलं हुतं त्याला, नीट चाललेलं बिघडवून गेला. काल तर ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसली होती.

तिला घरी थांबायला आता काही काम नाही, हे तिलाही कळलंय आणि मलाही. मी एक शब्द काढलेला नाही. तुम्हीही फोनवर काढू नका. तिला यायचं नसलं तरी चालेल असं मी स्वतःला रोज समजावते. तेवढंच काय ते अजून जमत नाही. आशीर्वाद असावेत, यावेळी मागून घेतेय.

तुमची,
अर्पिता


शेफील,
२३ जानेवारी

चि. बलभीम यास आक्काचा आशीर्वाद.

हाताने लिवलंय, जावयानं फोटू काढून पाठवलाय. चुका काढायच्या न्हाईत.

नात झाली. अर्पिता खुशाल हाय. तिला उठायला येळ हाय म्हणून म्या लिवते.

सकाळी तिला कळा लागल्या. जावयानं पिशवी घिवून गाडी काढली. म्या काट्याकडं गेले, मेला दीडावर. हात लावून बघितलं, हलंना. त्याला म्हणलं आता तरी जरा खाली ये की बाबा. पोरीनं दारातून माझ्याकडं बघितलं, काय बोलली न्हाय. ये म्हणली असती तर न्हाय म्हणता आलं असतं बघ. मंग म्या चप्पल घातली.

पोरगी खोटं बोलली हुती. हितं दोघांला आत घेतात, पाटीवर लिवलंय, जावयानं वाचून दावलं. दारात जरा थांबले. सोलापूरचा त्यो वास यील म्हणून पदर नाकाला लावून ठिवला. मंग जावयाचंच त्वांड पांढरं पडलं, खुर्ची गाठली त्यानं. नर्सबाई त्याला पाणी द्यायला गेली. अर्पिताचा हात मोकळा हवेत. त्यो कुणी धरायचा? पदर सोडावा लागला. वास बिस काय न्हवता, साबणाचा हुता.

लई येळ लागला. हात आजून दुखतोय माझा, तिनं असा आवळला हुता. त्या नर्सबाईला मराठी येत न्हाय अन् मला तिचं काय कळत न्हाय, पर कळ दे कधी अन् थांब कधी ते आमचं दोघींचं एकच चाललं हुतं.

तुला ठावं हाय, तुझ्या दाजींचं त्वांड शेवटाला उघडंना. बोट सुदीक आत जाईना, चमच्यानं पाणी सोडायची म्या. तवापासनं कुणी मोठ्यानं जांभई दिली तरी म्या दुसरीकडं बघते. कुणाला बोलले न्हाय हे. पोरगी पुसून माझ्या हातात दिली अन् तिनं जे त्वांड उघडलं बलभीम, पार घशापतोर. दवाखाना डोक्यावर घेतला. म्या आत बघितलं. नीट बघितलं. लालबुंद अन् सोच्छ. नर्सबाई खुणा करत हुती, हलवा जरा, गप हुईल. म्या न्हाय गप केली. रडू दिलं.

सगळ्यांस सांग. तुमा दोघांवर जीव हाय, तुमी बी ठिवा.

तुझी,
आक्का